मूल एकटं बागेत गेलं तर ती हेळसांड? अमेरिकेतल्या राज्यांचे पालकहक्क कायदे आणि आपण

कृष्णाकाठ (टेक्सास)

४ नोव्हेंबर २०२५ ला टेक्सासच्या मतदारांनी राज्यघटनेत एक नवं कलम घातलं. मतपत्रिकेवर तो पंधरावा प्रस्ताव होता. मुलाचं संगोपन आणि रक्षण ही आईवडिलांची जबाबदारी आहे, आणि त्या जबाबदारीच्या जोडीने मुलाचा सांभाळ, ताबा आणि त्याच्या वाढीविषयीचे निर्णय हे हक्कही आईवडिलांचे आहेत, अशा अर्थाचं ते कलम. निकाल लागला त्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच प्रश्न फिरत होता: "म्हणजे आता सीपीएसवाले दारात येणार नाहीत ना?"

येऊ शकतात. सीपीएस म्हणजे राज्याचं बालसंरक्षण खातं, तक्रार आली तर ते चौकशी करणारच. म्हणूनच हा धागा काढतोय. घटनेतलं वाक्य भारदस्त आहे, मला ते आवडलंही. पण तुमच्या-माझ्या घराला खरा आधार देणारा बदल टेक्सासमध्ये चार वर्षं आधीच झाला होता, आणि त्याबद्दल आपल्या लोकांत फारसं कुणी बोलत नाही. तो बदल होता कायद्यातल्या 'हेळसांड' या शब्दाच्या व्याख्येतला.

थोडी पार्श्वभूमी. १९७४ मध्ये केंद्राने बालछळ रोखण्याचा कायदा केला आणि राज्यांना पैसा देऊ केला. त्यासाठी प्रत्येक राज्याला तक्रार घेण्याची आणि चौकशीची यंत्रणा उभारावी लागली. मारहाण, लैंगिक अत्याचार यांच्या व्याख्या त्या मानाने स्पष्ट होत्या. हेळसांडीची व्याख्या मात्र बहुतेक ठिकाणी सैल राहिली. 'योग्य देखरेख न ठेवणे' अशा शब्दांत आठ वर्षांच्या मुलाने कोपऱ्यावरच्या दुकानात जाणंही बसवता येतं. योग्य म्हणजे काय, हे शेजारीण ठरवणार, मग पोलीस, मग चौकशी अधिकारी. २०१७ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये एक अभ्यास आला होता. त्याच्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या सुमारे ३७ टक्के मुलांच्या घरी, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत कधी ना कधी अशी चौकशी होते. कृष्णवर्णीय मुलांमध्ये हे प्रमाण ५३ टक्के. यातल्या बऱ्याच चौकशांत पुढे काहीच निष्पन्न होत नाही.

२०१८ मध्ये युटाने पहिल्यांदा उलट दिशेने कायदा केला. ज्या मुलाच्या मूलभूत गरजा भागतात आणि ज्याला पुरेसं वय आणि समज आहे, त्याला शाळेत चालत किंवा सायकलने जाऊ देणं, बाहेर खेळू देणं, घरी एकटं थांबू देणं ही हेळसांड नव्हे, असं सरळ लिहिलं. त्यानंतर २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा, २०२२ मध्ये कोलोरॅडो, २०२३ मध्ये व्हर्जिनिया. यात रिपब्लिकन राज्यं आहेत तशी डेमोक्रॅट गव्हर्नरची सहीही आहे. एरवी या देशात मुलांच्या बाबतीत एवढं एकमत दिसत नाही.

टेक्सासच्या २०२१ च्या कायद्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक मराठी घराला माहीत हव्यात. एक, हेळसांड ठरायला आता परिणामांची उघड बेपर्वाई लागते, आणि मुलाला इजा झालेली असावी लागते किंवा तात्काळ धोका असावा लागतो. 'काही होऊ शकलं असतं' एवढ्यावर भागत नाही. दुसरी आपल्यासाठी फार मोलाची. मुलाच्या समजेला, शारीरिक स्थितीला, वाढीला किंवा संस्कृतीला साजेसं आणि सर्वसाधारण असं स्वतंत्रपणे काही करू देणं हेळसांडीतून वगळलेलं आहे. संस्कृती हा शब्द कायद्यातच आहे. सांगलीत मी दुसरीपासून एकटा शाळेत जायचो आणि येताना दळण आणायचो. ते माझ्या आईने माझ्यावर टाकलेलं ओझं नव्हतं, तिने टाकलेला विश्वास होता, आणि त्या विश्वासाला इथे कायद्यात थोडी का होईना जागा आहे.

२०२३ मध्ये आणखी दोन कायदे आले. निनावी तक्रार बंद झाली. तक्रारदाराचं नाव गुप्त राहतं, पण त्याला ते द्यावं लागतं. आणि चौकशी अधिकाऱ्याने पहिल्या भेटीतच पालकांना त्यांचे हक्क तोंडी आणि लेखी सांगायचे: वकिलाशिवाय न बोलण्याचा, संभाषण रेकॉर्ड करण्याचा, कोर्टाचा आदेश नसेल तर घरात प्रवेश नाकारण्याचा.

तुमच्या राज्यात काय आहे ते लिहा. ऐकीव नको, कायद्याचा मजकूर वाचून लिहा.

अबोली

धागा वाचून हात थरथरले. राज्याचं नाव लिहीत नाही, पूर्व किनाऱ्यावरचं आहे.

मुलगा नऊ वर्षांचा होता. घरासमोरच्या बागेत, खिडकीतून दिसेल एवढ्या अंतरावर, एकटा बास्केटबॉल खेळत होता. कुणीतरी फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक बाई आल्या. बोलायला सभ्य होत्या. फ्रिज उघडून पाहिला, औषधांचं कपाट पाहिलं, मुलाला वेगळ्या खोलीत नेऊन "आईबाबा मारतात का?" विचारलं. मग धाकटी कुठे झोपते विचारलं. मी सरळ सांगितलं, आमच्याजवळ. त्यावर त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. त्या क्षणी मला वाटलं, माझ्या आजीपासून चालत आलेली गोष्ट मी आता एका सरकारी कागदावर गुन्हा म्हणून वाचणार आहे.

प्रकरण काही आठवड्यांनी बंद झालं, आरोपात तथ्य नाही असं पत्र आलं. पण त्यानंतर दोन वर्षं मुलगा एकटा बाहेर खेळला नाही. आम्ही अडवलं नाही, त्यालाच नको झालं. कुठल्या पत्रात याची नोंद होत नाही.

घरात येऊ द्यायचं की नाही हे आपण ठरवू शकतो, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. कृष्णाकाठ, हा भाग कृपा करून सविस्तर लिहा.

कृष्णाकाठ

अबोलीताई, वाचून फार वाईट वाटलं. लिहिलंत हे बरं केलंत.

थोडक्यात सांगतो. मी वकील नाही. पण हे मूलभूत आहे आणि टेक्सासपुरतं नाही: राज्यघटनेची चौथी दुरुस्ती सरकारी माणसाला घराच्या दारावर थांबवते, तो पोलीस असो वा बालसंरक्षणाचा अधिकारी. आत यायला तुमची संमती, कोर्टाचा आदेश किंवा मुलाला तात्काळ धोका असल्याची परिस्थिती यातलं एक लागतं. संमती न देणं हा गुन्हा नाही. पण दार आपटू नका, आवाज चढवू नका. बाहेर उभं राहून शांतपणे बोला, ओळखपत्र पाहा, तक्रार नेमकी काय आहे ते विचारा, आणि वकिलाशी बोलून वेळ देते म्हणा. काही जण मुलाला दारात आणून दाखवतात, मूल धडधाकट दिसलं की बराच ताण उतरतो. तेवढं करायचं की नाही हे वकिलाला विचारून ठरवा.

शिशुवैद्य

मी इथे बालरोगतज्ज्ञ आहे. कायद्याचं मला फार कळत नाही, पण तीन गोष्टी प्रत्येक भारतीय आईवडिलांनी कराव्यात असं मला मनापासून वाटतं.

आपल्या अनेक बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर, कधी पाठीवर किंवा खांद्यावर जन्मतः निळसर-करडे डाग असतात. त्यांना मंगोलियन स्पॉट म्हणत, आता त्वचेखालच्या मेलॅनिनवरून दुसरं वैद्यकीय नाव वापरतात. ते निरुपद्रवी असतात आणि बहुतेक वेळा काही वर्षांत विरतात. पण ज्याने ते पाहिलेले नाहीत त्याला ते मारल्याचे वळ वाटू शकतात. पाळणाघरात डायपर बदलताना कुणाला तसं वाटलं तर त्यांना कायद्याने कळवावंच लागतं. त्यांचा त्यात काही दोष नाही. म्हणून पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगून डाग कुठे आणि केवढे आहेत याची नोंद फायलीत करून घ्या, आणि त्या नोंदीची प्रत पाळणाघरात द्या. जखमेच्या खुणेचा रंग काही दिवसांत पालटतो, या डागांचा पालटत नाही. नोंद असली की प्रश्न मिनिटात सुटतो.

दुसरं काजळ. भारतातून आणलेल्या काजळात आणि सुरम्यात शिसं सापडलेलं आहे. बाळाच्या रक्तात शिसं जास्त आलं की आरोग्य खात्याला कळवलं जातं, आणि मग घरी माणसं येतात. हा पालकांचा छळ नाही. शिशाने मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, तो भरून निघत नाही. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर शिसं नसलेल्या कशाची तरी लावा.

तिसरं, धपाटा. घरात मुलाला 'वाजवी' शारीरिक शिक्षा करणं पन्नासही राज्यांत कायद्याने गुन्हा नाही. पण वाजवीची रेघ प्रत्येक राज्यात वेगळी, आणि अंगावर खूण उठली की ती ओलांडलीच असं धरून चाला. डॉक्टर म्हणून विचाराल तर हात उचलूच नका.

चांदणवेल

मी सार्वजनिक शाळेत चौथीला शिकवते. इथले प्रतिसाद वाचून मला दुसरी बाजू मांडणं गरजेचं वाटतं.

तुमच्या घरांत मुलं सुखात आहेत. माझ्या वर्गात दरवर्षी एखादं मूल असं असतं की ज्याच्याकडे लक्ष असलेला घराबाहेरचा मोठा माणूस म्हणजे फक्त शिक्षक. सोमवारी ते जेवणाच्या रांगेत सगळ्यांत पुढे असतं, कारण शुक्रवारनंतर नीट खाल्लेलं नसतं. मी कळवायचं की नाही? कायदा म्हणतो कळवा. आणि माझं मनही तेच म्हणतं.

'पालकांचा हक्क' या नावाखाली येणारा प्रत्येक कायदा एकसारखा नाही. युटाचा कायदा मी वाचलाय, मला पटतो. पण आयडाहोने २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाला जवळजवळ कुठलीही आरोग्यसेवा द्यायच्या आधी पालकांची संमती सक्तीची केली. मग शाळा जखमेवर पट्टी लावण्याच्या परवानगीचे अर्ज घरी पाठवू लागल्या. हे एक वेळ सोसता येईल. पण आत्महत्येचे विचार मनात असलेल्या मुलाने मदतीच्या फोनवर बोलायलाही अडथळा यावा, हे मला सहन होत नाही. ज्या मुलाला घरातच भीती आहे, त्याने संमती कुणाकडे मागायची?

माझी विनंती एवढीच, की दोन्ही प्रकारच्या कायद्यांना एका दावणीला बांधू नका.

सातपुडा

चांदणवेल यांच्याशी बराचसा सहमत. पण या हक्काचा उगम पाहिला तर आपल्यासारख्यांनी त्याला घाबरण्यापेक्षा जपायला हवं असं माझं मत आहे. सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट भाषेपासून सुरू होते.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. अमेरिकेत जर्मन म्हटलं की लोक बिथरायचे. १९१९ मध्ये नेब्रास्काने कायदा केला: आठवी उत्तीर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला, सरकारी शाळेत असो वा खासगी, इंग्रजीखेरीज कुठलीही आधुनिक भाषा शिकवायची नाही. हॅम्प्टन नावाच्या छोट्या गावात लुथरन पंथाची शाळा होती. तिथले शिक्षक रॉबर्ट मायर. मे १९२० मध्ये ते एका दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मन बायबलमधली गोष्ट वाचून घेत होते, तेवढ्यात सरकारी वकील वर्गात आला. मायर यांना २५ डॉलर दंड झाला. तो त्यांनी मानला नाही.

४ जून १९२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दंड रद्द केला. घटनेतल्या 'स्वातंत्र्य' या शब्दात विवाह करणं, घर वसवणं आणि मुलं वाढवणं हेही येतं, असं न्यायालयाने सांगितलं. तिथून पुढचे सगळे पालकहक्क निघाले. म्हणजे या देशात आईवडिलांच्या हक्काचा पहिला मोठा निकाल लागला तो घरची भाषा मुलाला शिकवता यावी यासाठी.

दोन वर्षांनी ओरेगॉनचा निकाल. १९२२ मध्ये तिथल्या मतदारांनी कायदा केला होता की ८ ते १६ वयाच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे. त्यामागे कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा जोर होता आणि रोख कॅथॉलिक शाळांवर होता. न्यायालयाने १९२५ मध्ये तो एकमताने मोडीत काढला. मूल म्हणजे केवळ राज्याने घडवलेली वस्तू नव्हे, हे त्या निकालातलं प्रसिद्ध विधान.

तिसरा निकाल कमी लोकांना माहीत आहे, पण रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. हवाईतले जपानी मजूर आपल्या मुलांना नेहमीच्या शाळेनंतर जपानी शाळेत पाठवत. हवाई तेव्हा राज्य नव्हतं, अमेरिकेचा प्रदेश होता. तिथल्या सरकारने त्या शाळांवर परवाना लादला, दर विद्यार्थ्यामागे वर्षाला एक डॉलर शुल्क लावलं, तासांवर मर्यादा घातली आणि पुस्तकं कुठली हेही स्वतःच ठरवायचं म्हटलं. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम अडवले. आज आपण कुठल्याशा चर्चचं तळघर किंवा लायब्ररीची खोली भाड्याने घेऊन बाराखडी शिकवतो, कुणाची परवानगी मागत नाही. ती मोकळीक त्या मजुरांनी कोर्टात जाऊन मिळवलेली आहे. मला त्यांच्याबद्दल फार कृतज्ञता वाटते.

आता चांदणवेल यांच्या मुद्द्याकडे. हा हक्क अमर्याद आहे असं न्यायालयाने कधीच म्हटलेलं नाही. १९४४ च्या मॅसॅच्युसेट्सच्या खटल्यात नऊ वर्षांच्या मुलीला रस्त्यावर धार्मिक पत्रकं वाटायला नेणारी मावशी हरली. ती मुलीची कायदेशीर पालक होती, तरी हरली. आणि १९७२ मध्ये आमिश या जुन्या चालीच्या ख्रिस्ती पंथातल्या आईवडिलांना मुलांना आठवीनंतर शाळेतून काढायची मुभा मिळाली, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी वेगळं मत नोंदवलं: मुलांना काय हवं आहे, हे कुणी विचारलं का? मला वाटतं तो प्रश्न आजही तसाच उभा आहे.

माईआजी (नाशिक)

मी मुलाकडे आले की इथलं वाचते. तुम्ही सगळे आईवडिलांबद्दल लिहिताय. आजीआजोबांचं काय?

माझ्या मैत्रिणीचा मुलगा सिएटलकडे होता. तो वारला. सून भली आहे, पण आता तिने नवीन संसार मांडलाय आणि नातवाशी बोलणं हळूहळू कमी केलंय. मैत्रीण विचारते, तिथल्या कोर्टात काही दाद मागता येते का? आपल्याकडे चार माणसं बसून समजावतात. तिथे कोण समजावणार?

सातपुडा

माईआजी, नमस्कार. तुमच्या मैत्रिणीच्या दुःखाशी जवळजवळ जुळणारा खटला सिएटल ज्यात आहे त्याच वॉशिंग्टन राज्यातला आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलगा वारल्यावर आजीआजोबांना नातींना जास्त भेटायचं होतं, आईला भेटी कमी करायच्या होत्या. तिथला कायदा फार सैल होता. कुणीही, केव्हाही भेटीची मागणी करू शकत होतं, आणि न्यायाधीश आपल्या मताने ठरवत. २००० मध्ये निकाल आईच्या बाजूने लागला. आई सक्षम असेल तर ती मुलाच्या भल्याचाच विचार करते असं न्यायालयाने गृहीत धरायला हवं, तिच्या निर्णयाला वजन द्यायला हवं, असा त्याचा आशय.

त्यानंतर राज्यांनी हे कायदे अरुंद केले. टेक्सासमध्ये तर भेट नाकारल्याने मुलाच्या शारीरिक आरोग्याला किंवा भावनिक स्वास्थ्याला मोठी हानी होईल हे आजीआजोबांना सिद्ध करावं लागतं. म्हणून कोर्टाची वाट अवघड आहे, आणि तिथे गेल्यावर सुनेचं मन कायमचं तुटण्याची शक्यता जास्त. मैत्रिणीला सांगा, सुनेला हक्काने नाही, मायेने फोन करायचा. वाढदिवसाला कार्ड, मुलाच्या लहानपणचे फोटो, वडिलांच्या आठवणी लिहून पाठवायच्या. मध्यस्थीची सोय बऱ्याच ठिकाणी असते, दोघींची तयारी असेल तर ती चांगली.

माईआजी (नाशिक)

सांगते तिला. आईचा हक्क मोठा हे मला मान्य आहे, मीही आई आहे. पण नातवाला बापाकडचं कुणी उरलं नाही, याचं वाईट वाटतं.

दिवेआगर (पुणे)

भारतातलं थोडं लिहितो, तुलनेला उपयोगी पडेल.

आपल्याकडे 'पालकांचा हक्क' असा वेगळा राज्य कायदा माझ्या पाहण्यात नाही. घटनेत २००२ च्या दुरुस्तीने उलट कर्तव्य आलं: सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणं. मुलाच्या हेळसांडीसाठी २०१५ चा बालन्याय कायदा आहे, त्यात जाणूनबुजून केलेल्या दुर्लक्षाला शिक्षा आहे. प्रत्यक्षात शेजारी, नातेवाईक हेच आपली यंत्रणा, चांगल्या अर्थाने आणि वाईटही अर्थाने.

पण भाषेच्या बाबतीत सातपुडा यांनी लिहिलेला धागा आपल्याकडे उलट्या बाजूने येतो. कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सक्तीचं केलं होतं. ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की माध्यम कुठलं हे मुलाच्या वतीने पालक निवडतील, राज्य लादू शकत नाही. तिकडे हक्क वापरून लोकांनी घरची भाषा वाचवली, इकडे त्याच हक्काने आपण आपल्या भाषेच्या शाळा सोडल्या. मला निकाल चुकीचा वाटत नाही. आपली निवड मात्र दुःख देते.

आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणायचे दोन शासन निर्णय आले, तेव्हा पालक, शिक्षक, साहित्यिक सगळे उभे राहिले. २९ जूनला सरकारला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. सहा वर्षांच्या मुलावर काय लादायचं याबद्दल आईबापांनी बोलायचं असतं, ही जाणीव त्या दोन-अडीच महिन्यांत गल्लीगल्लीत दिसली.

कृष्णाकाठ

चांदणवेल, तुमच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

दावण एक नको, हे मान्य. फ्लोरिडाने २०२१ मध्ये पालकांच्या हक्कांची सनद केली, जॉर्जियाने २०२२ मध्ये. त्यांचा रोख मुख्यतः शाळेवर: अभ्यासक्रम पाहण्याचा, मुलाच्या नोंदी मिळवण्याचा हक्क. २०२५ च्या जूनमध्ये मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतल्या पालकांना सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक कारणासाठी काही गोष्टींच्या पुस्तकांच्या तासाला मुलांना बाहेर ठेवण्याची मुभा दिली, सहा विरुद्ध तीन. या भांडणांत मराठी घरंही दोन्ही बाजूंना आहेत. मी इथे त्यांचा निवाडा करत नाही.

पण जॉर्जियाचंच पुढचं पाहा. सनद २०२२ मध्ये झाली होती. तरी २०२४ मध्ये तिथल्या एका खेड्यात दहा वर्षांचा मुलगा मैलभरही नसलेल्या अंतरावर एकटा चालत गेला म्हणून आईला बेड्या घालून नेलं. सनद तिच्या कामी आली नाही. २०२५ मध्ये राज्याने युटासारखा कायदा केला, तेव्हा कुठे अशा आईला हात धरायला काहीतरी मिळालं. मी व्याख्येवर एवढा भर देतो तो यासाठी. हक्काची घोषणा कोर्टात वर्षानुवर्षं चालणाऱ्या खटल्यात उपयोगी पडते. व्याख्या तक्रारीचा फोन घेणाऱ्या माणसाच्या टेबलावर उपयोगी पडते, प्रकरण तिथेच थांबतं.

आणि सैल व्याख्येने तुमच्या वर्गातल्या त्या भुकेल्या मुलाचंही नुकसानच होतं. चौकशी अधिकाऱ्याचा दिवस अबोलीताईंचा फ्रिज पाहण्यात गेला, तर तो त्या मुलाच्या घरी कधी जाणार? त्या घराला बहुधा चौकशीआधी धान्याची गरज असेल. हेळसांडीच्या कितीतरी तक्रारी मुळात गरिबीच्या असतात.

चांदणवेल

शेवटचा परिच्छेद पूर्ण पटला. आमच्या शाळेत आता शुक्रवारी दप्तरात खाऊची पिशवी देतात, कुणाला कळणार नाही अशी. ती सुरू झाल्यापासून मला कळवायची वेळ कमी आली. तरी आयडाहोसारख्या कायद्यांबद्दलचं माझं मत कायम आहे.

फडताळ (मेरीलँड)

माहितीपूर्ण धागा. एक थेट प्रश्न. मुलगी नऊची, मुलगा सहाचा. दोघं साडेतीनला बसने येतात, मी सव्वाचारला पोचते. पाऊण तास दोघांनी घरी थांबलं तर चालेल का? मुलगी खूप समजूतदार आहे, भावाला सांभाळते.

सातपुडा

नाही, दोघांना तसं ठेवू नका. मेरीलँडच्या कायद्यात आठ वर्षांखालच्या मुलाला घरात किंवा गाडीत एकटं ठेवता येत नाही, आणि त्याच्याजवळ विश्वासू व्यक्ती असेल तर ती किमान तेरा वर्षांची लागते. मुलगी कितीही शहाणी असली तरी धाकट्यासाठी ती कायद्याने पुरेशी नाही.

मुलगी एकटी थांबली तर आठ वर्षांचा तो नियम तिला लागू होत नाही. तिथे हेळसांडीची सर्वसाधारण व्याख्या लागते, म्हणजे तिची समज, किती वेळ, फोन आहे का, शेजारी कोण आहे, हे सगळं पाहिलं जाईल.

बाहेर चालण्याचं वेगळं. २०१४-१५ मध्ये तुमच्याच सिल्व्हर स्प्रिंगला दहा आणि सहा वर्षांची भावंडं बागेतून चालत घरी येत होती म्हणून मोठं प्रकरण झालं होतं. शेवटी पालक निर्दोष ठरले, आणि मुलं नुसती एकटी खेळली किंवा चालली एवढ्यावरून हेळसांड धरणार नाही, असं राज्याच्या खात्याला जाहीर करावं लागलं.

तुमच्यासाठी सोपा उपाय: शाळेत 'आफ्टर केअर' असेल तर धाकट्याला तेवढा वेळ तिथे ठेवा. नाहीतर कॉलनीतल्या आठवी-नववीतल्या एखाद्या मुलीला पाऊण तास घरी येऊन बसायला सांगा. तिचं वय तेरा पूर्ण आहे ना, तेवढं विचारून घ्या.

फडताळ (मेरीलँड)

समोरच्या घरातली मुलगी चौदाची आहे. आजच तिच्या आईशी बोलते. धन्यवाद.